नळाखालची आरती

“रडायला नंतर भरपूर वेळ आहे. आधी नळ!” असं म्हणत काकू स्वतःचं मनगट धारेखाली धरायच्या. मोहालीत गच्चीवरच्या टाकीतलं पाणी सुरुवातीला कढत येतं. ते गार झालं की मगच समोरच्याचा भाजलेला हात ओढून धारेखाली.

तिथल्या एयरोसिटी वसाहतीत त्या आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहायच्या. माहेर कोल्हापूरचं, नवरा हवाई दलात आणि लग्नाआधी त्या स्वतः नर्स. परगावी तुम्हालाही अशी एखादी काकू भेटली असेल, जिची बेल वाजवायला कारण लागत नाही.

मी हिंगोलीकडची, घरातली पहिली पदवीधर. आमच्याकडे भाजलं की वर शाई ओतायचे. शाईची बाटली घरात आली माझ्या शाळेमुळे, पण संपायची चुलीपाशीच. हे ऐकून काकू हसून हसून डोळे पुसत म्हणाल्या, “आणि तरी ग्रॅज्युएट झालीस! शाब्बास गं!”

एका गणेश चतुर्थीला माझी रूममेट सायली हिनं मोदकांच्या भांड्याचं झाकण उघडलं आणि वाफेचा भपकारा तिच्या डाव्या हातावर आला. मी काकूंना हाक मारली. आरडाओरडा ऐकून खालच्या पंजाबी आंटीही टूथपेस्ट घेऊन धावत आल्या.

“आंटीजी, वो दाँतों के लिए रखो जी,” म्हणत काकूंनी सायलीचा हात धारेखाली धरला. “अंगठी काढ.”

“साखरपुड्याची आहे, काकू. अपशकुन होतो.”

“बोट सुजलं की निघायची नाही. मग काय, कापून काढणार?” त्यांनी धारेखालीच अंगठी अलगद फिरवून काढली आणि स्वतःच्या करंगळीत घातली. “घ्या! आता अपशकुन झाला तर माझा.”

सायली रडता रडता हसली. “हात किती वेळ धरू?”

“आरत्या म्हणा. पाठ असतील तेवढ्या सगळ्या. तोवर नळ बंद नाही.”

गणपती हॉलमध्ये आणि आम्ही सगळे सिंकभोवती! आंटी टूथपेस्टच्या खोक्यावर ताल धरत होत्या. शेवटी सवयीनं सगळ्यांनी जागच्या जागी गिरकी घेतली, तशी सायलीही वळली.

“हात तिथंच! बाकीची फिर!” काकू ओरडल्या.

मग त्यांनी हातावर अन्न झाकायची पातळ फिल्म सैलसर ठेवली आणि आम्हाला दवाखान्यात पिटाळलं. हात बरा होईपर्यंत रोज डोकावून दटावायच्या, “फोडाला नख लावशील तर बघ!” सूज उतरल्यावर अंगठी त्यांनीच परत घातली.

उन्हाळ्यात काकांची बदली झाली. समोरच्या दाराला कुलूप लागलं.

सायलीच्या लग्नाला त्यांना येता आलं नाही. मी मांडवातून व्हिडिओ कॉल लावला. सायलीनं मेंदीचा हात कॅमेऱ्यासमोर उलटासुलटा केला. “काकू, डाग शोधून दाखवा!”

काकूंनी चष्मा चढवला, फोन डोळ्यांजवळ नेला, आणि तेवढ्यात नेटवर्क गेलं. स्क्रीनवर त्यांचं हसू तसंच थांबून राहिलं. वाजंत्री सुरू झाली तरी फोन बंद करायला आमच्यापैकी कुणाचाच हात पुढे होईना.