निवडुंगाचा वीतभर शेंडा

मध्य भारत मोडून नवे राज्य होणार आणि राजधानी भोपाळला जाणार हे ठरले, तेव्हा ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या गल्लीत एकाच गोष्टीची चर्चा होती : बदलीच्या यादीत कोण. वडील सरकारी दफ्तरात कारकून होते. त्यांना ग्वाल्हेर सोडायचे नव्हते. तसे ते बोलले नाहीत. त्यांचे सकाळचे अर्घ्य तेवढे लांबत गेले.

गच्चीवर आईच्या निवडुंगांच्या कुंड्या होत्या. कोणाच्या बागेतून फुटवा आणायचा, सावलीत सुकवायचा आणि मग वाळू मिसळलेल्या मातीत नुसता टेकवून ठेवायचा, ही तिची रीत. गल्लीतल्या बऱ्याच घरांत तिने दिलेली रोपे होती. एका निवडुंगाचे मात्र दुसरे रोप तिला करता आले नव्हते. तो खांबासारखा, हातभर उंच, पिवळ्या काट्यांचा होता आणि त्याला कधी फुटवाच आला नाही. तसा दुसरा तिने गावात पाहिला नव्हता.

तुळस खाली अंगणात होती आणि तिथे सकाळचे ऊन येत नसे. म्हणून वडील गच्चीत अर्घ्य देत आणि पाणी पायदळी येऊ नये म्हणून या निवडुंगाच्या कुंडीत सोडत. पूर्वी पळीभर असे, यादीची वाट पाहण्याच्या काळात तांब्याभर झाले.

बदलीचा हुकूम आलाच. सामान बांधताना आईने कुंडी उचलली, तर निवडुंगाच्या बुंध्यात बोट रुतले. वडील शेजारीच उभे होते.

"माझंच पाणी," ते म्हणाले.

आईने सुरी मागितली. तिने खालून एक चकती कापली. मधोमध तपकिरी डाग होता. सुरी पुसून दुसरी कापली, मग आणखी. डाग संपून स्वच्छ हिरवा गर लागला तेव्हा हातात वीतभर शेंडा उरला होता. कापावर तिने चुलीची राख लावली. शेजारच्या काकूंनी कठड्यावरून विचारले, "वहिनी, लोक दफ्तर घेऊन चाललेत ना, तुम्ही काय जंगल नेताय?" आई हसली आणि बाकीच्या सगळ्या कुंड्या तिने त्यांनाच देऊन टाकल्या.

शेंडा लगेच नव्या मातीत लावावा, असे वडिलांना वाटत होते.

"अहो, जखम ओली आहे. आत्ता माती लागली तर हाही जाईल."

जुन्या धोतराच्या तुकड्यात गुंडाळून, बिनझाकणाच्या डब्यात उभा करून तिने तो गाडीत मांडीवर नेला. भोपाळला क्वार्टर तयार नव्हते. नातेवाइकांच्या पडवीत आमचे सामान बांधलेलेच राहिले आणि डबा फळीवर. वडिलांनी त्याचा विषय काढला नाही. तिथे ते अर्घ्यही देत नव्हते.

क्वार्टर मिळाल्यावर आईने सगळ्यांसमोर धोतराचा तो तुकडा सोडला. काप सुकून कडक झाला होता आणि त्याच्या मध्यातून बारीक पांढरी मुळे बाहेर आली होती. मातीचा कण नाही, पाण्याचा थेंब नाही. तिला आश्चर्य वाटलेले दिसले नाही. तुपाच्या रिकाम्या डब्याला तळाशी भोके पाडून तिने तो लावला आणि बरेच दिवस कोरडाच ठेवला.

मग एका सकाळी तिने वडिलांच्या हातात भरलेला तांब्या आणि पळी दिली.

"द्या अर्घ्य. त्याला पळीभरच."

वडिलांनी पळीभर पाणी त्या डब्यात सोडले आणि उरलेला तांब्या कुंपणाच्या मेंदीला घातला.