दुसरा हात मनगटावर

प्रसूती विभागात दर महिन्याला विद्यार्थ्यांची नवी तुकडी यायची आणि पहिल्याच दिवशी मोठ्या सिस्टर त्यांना विचारायच्या, "काय शिकायला आलात?" पोरं बिचारी धडाधड पुस्तक ओकायची. प्रसूतीचे टप्पे किती, पिशवीचं तोंड किती उघडलं म्हणजे काय समजायचं, रक्तदाब वाढला तर कुठलं औषध. सिस्टर सगळं ऐकून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "हे तुम्हाला परीक्षेत विचारतील. इथे बाई विचारते, बाळ बरं आहे ना? त्याचं खरं उत्तर द्यायला शिका, तेवढं आलं तरी डोक्यावरून पाणी."

सिस्टर मोठ्या खमक्या. नाकावर माशी बसू द्यायच्या नाहीत. एकतीस वर्षं त्याच लेबर रूममध्ये, त्याच तीन पलंगांच्या मधून येरझारा. आज मोठे डॉक्टर म्हणून मिरवणाऱ्यांपैकी निम्म्यांना ओलं, निसटतं बाळ धरायचं कसं ते सिस्टरांनीच शिकवलेलं. ती मंडळी अजूनही लेबर रूमच्या दारात आली की आपोआप आवाज खाली आणत. घरी नवरा होता, टपालखात्यातून निवृत्त झालेला, स्वयंपाकात बायकोपेक्षा सरस. लेक लग्न होऊन लांब गेलेली. नवरा संध्याकाळी दार उघडायचा तेव्हा बायकोच्या तोंडाकडे बघायचाच नाही, ती चप्पल कशी काढते ते बघायचा. नीट जोडीने ठेवली तर दिवस बरा गेला. भिरकावली, तर चहा आधी आणि बोलणं नंतर.

सिस्टरांचे नियम पोरांना आठ दिवसांत पाठ व्हायचे. तपासायच्या आधी बाईला विचारायचं आणि पडदा ओढायचा, मग ती कितीही ओरडत असो. सकाळी जी बाई वाट्याला येईल तिच्यापाशी बाळ होईपर्यंत बसून राहायचं, पाणी द्यायचं, पाठ चोळायची. "बाळंतपण बघायला येतात आणि फक्त डोकं दिसायला लागल्यावर येतात," सिस्टर करवादायच्या. "नाटकाला पडदा पडताना जाऊन बसण्यातला प्रकार!"

पण सगळ्यांत कडक नियम मनगटाचा. बाळाचे ठोके ऐकायचे तेव्हा दुसरा हात आईच्या नाडीवर हवाच. पोटावर पट्टा बांधला की मॉनिटरवर हिरवा आकडा येतो, खाली कागदाची पट्टी सरकत राहते, सगळं कसं छान दिसतं. पण तो पट्टा जरासा हलला की यंत्र बाळाला सोडून आईचेच ठोके मोजायला लागतं, आणि मेल्याला काही लाज नसते, तेवढ्याच ऐटीत आकडा दाखवतं. एरवी आईची नाडी सत्तर-ऐंशी आणि बाळाचे ठोके एकशे चाळीसच्या आसपास, तेव्हा फरक शेंबडं पोरही सांगेल. शेवटी जोर लावून लावून आईची नाडी एकशे तीसवर जाते तेव्हा मात्र आकडा कुणाचा ते नुसतं बघून कळत नाही. बोटांनाच कळतं. पोरं हसायची. एवढं महागडं यंत्र असताना कसलं हे जुनं खूळ! पाठीमागे त्यांना 'मनगट सिस्टर' म्हणायची. सिस्टरांना ते माहीत होतं. म्हणा की, त्यांच्या मनात यायचं, पण धरा.

हे खूळ कुठून आलं ते त्यांनी इस्पितळात कुणाला सांगितलं नव्हतं. नोकरीच्या पाचव्या वर्षी, यंत्रं नव्हती तेव्हा, त्यांनी एका बाईच्या पोटाला लाकडी नळी लावून ठोके मोजले आणि कागदावर 'ठीक' असं लिहिलं. ते ठोके आईचे होते. बाळ गेलेलंच जन्माला आलं. सगळे म्हणाले, असं होतं कधीकधी. त्यांनीही त्या आईला तेच सांगितलं, आणि सांगताना त्यांना ते खरंही वाटलं. चार दिवसांनी, घरी भाजी निवडता निवडता, आपण काय मोजलं ते त्यांच्या एकदम ध्यानात आलं. तोवर बाई घरी गेली होती. नवऱ्यापुढे त्या हमसून हमसून रडल्या. त्यानंतर मनगट सोडून त्यांनी कधी ठोका ऐकला नाही.

म्हणजे, त्या दुपारपर्यंत.

त्या महिन्याच्या तुकडीत एक मुलगी होती. हुशार, वर्गात पहिली, आणि पहिल्याच दिवशी तिने विचारलं होतं, "सिस्टर, लॉगबुकवर दहा बाळंतपणांच्या सह्या हव्यात, त्या कधी मिळतील?" झालं. सिस्टरांनी तिचं नाव 'सहीवाली' ठेवून दिलं. सिस्टरांनी एकदा नाव ठेवलं की ते चिकटलंच. सफाईवालीसुद्धा तिला "सहीताई, पाय उचला" म्हणायची. पोरगी कानकोंडी व्हायची, पण उलटून बोलायची नाही.

त्या दिवशी सहीवालीच्या वाट्याला आली तीन नंबरच्या पलंगावरची बाई. पडदे शिवायचा धंदा करणारी, पहिलटकरीण, बोलायला गोड. नवरा मालाची गाडी घेऊन परगावी गेलेला, निरोप मिळाल्यावर निघाला होता, पण पोचायला संध्याकाळ होणार होती. दोन कळांच्या मधे ती सहीवालीला लेबर रूमच्या पडद्यांबद्दल सांगत होती. "कापड चांगलंय हो, पण चुण्या घालणाऱ्याने अगदीच हात राखून घातल्यात." सकाळी आठपासून सहीवाली तिच्याजवळ. जेवायलासुद्धा उठली नाही.

दुपारी एक नंबर आणि तीन नंबर, दोन्ही एकदम घाईला आले. दुसरी सिस्टर रजेवर, निवासी डॉक्टर पलीकडे ऑपरेशनमध्ये अडकलेली. मोठ्या सिस्टर एका पलंगावरून दुसऱ्या पलंगाकडे नुसत्या धावत होत्या. तीन नंबरवाली जोर लावायला लागली होती, घामाने थबथबलेली. तिने विचारलं, "सिस्टर, बाळ बरं आहे ना?"

सिस्टरांनी लांबूनच मॉनिटर बघितला. एकशे बत्तीस. कळ आली की एकशे पंचेचाळीस. "अगदी मजेत आहे," त्या म्हणाल्या आणि एक नंबरकडे वळल्या.

थोड्या वेळाने पुन्हा तोच प्रश्न. पुन्हा मान वळवून, "मजेत आहे गं, तू जोर लाव." तिसऱ्यांदा तर सिस्टरांनी मॉनिटरकडे नीट बघितलंही नाही. तोंडातून आपोआप निघालं, मजेत आहे.

"सिस्टर," सहीवाली म्हणाली, "दोन्ही एकच येतंय."

"काय एकच येतंय?"

"आकडा. मी तीनदा मोजलं. ताईंची नाडी पण एकशे बत्तीस."

सिस्टरांचं डोकंच सणकलं. दोन बायका एकदम घाईला आलेल्या आणि ही पोरगी हिशेब शिकवतेय! "अगं, जोर लावताना आईची नाडी वाढते, एवढंही वाचलं नाहीस? मशीन दिसतंय ना नीट? मला नको शिकवूस."

दुसरी कुणी असती तर तिथेच गप्प बसली असती. सह्या सिस्टरांकडूनच घ्यायच्या होत्या, अजून सात बाकी होत्या. पण तिने बाईचं मनगट सोडलं नाही. आवाज कापत होता तरी म्हणाली, "वाढून वेगळी येत नाहीये, सिस्टर. कळ आली की दोन्ही बरोबरच वाढतात, बरोबरच उतरतात. हे ताईंचेच ठोके आहेत. बाळाचे कुठे आहेत?"

एका ढांगेत सिस्टर तीन नंबरपाशी आल्या. पट्टा घसरून कुशीला गेला होता. त्यांनी तो सोडला, यंत्राची ठोके टिपणारी वाटी हातात घेऊन बेंबीच्या खाली, मग आणखी खाली दाबून धरली. खरखर. खरखर. आणि मग सापडले. संथ, अडखळत. सत्तर. अडुसष्ट.

पुढचं सगळं झपाट्याने झालं. सिस्टरांनी घंटा दाबली, डॉक्टर ऑपरेशनमधून हातमोज्यांनिशी धावत आली. बाळाचं डोकं बरंच खाली उतरलेलं होतं, तेवढंच नशीब. डोक्याला व्हॅक्यूमचा कप लावून दोन कळांत बाळ बाहेर ओढलं. मुलगी. मानेभोवती नाळेचे दोन घट्ट वेढे, रंग निळा, अंग चिंधीसारखं लोळागोळा. सिस्टरांनी तिला टेबलावर घेतलं, पुसलं, चोळलं, तोंडावर मास्क धरून फुगा दाबायला सुरुवात केली. आई विचारत होती, "रडत का नाही? कुणीतरी सांगा ना!" आणि या खेपेला सिस्टर नुसता फुगा दाबत राहिल्या. सहीवालीनेच सांगितलं, "ताई, तिला श्वास द्यावा लागतोय. सिस्टर देतायत."

दीड मिनिटाने बाळाने आचका दिला. मग मांजराच्या पिलासारखं बारीक रडलं. सिस्टरांनी हात चालू ठेवले. बाळाला नवजात कक्षात पाठवलं, काचेच्या पेटीत.

एक नंबरवाली घंटा ऐकून आलेल्या दुसऱ्या डॉक्टरच्या हातून सुखरूप मोकळी झाली. मग सिस्टरांनी मॉनिटरची पट्टी फाडून टेबलावर पसरली आणि चष्मा लावून बोटाने मागे मागे गेल्या. एका ठिकाणी रेघ तुटली होती आणि पुन्हा सुरू झाली होती ती थोडी खालून. तिथून पुढे बाळ नव्हतंच, आई होती. सिस्टरांनी चौकटी मोजल्या. अकरा मिनिटं.

डॉक्टर खांद्यावरून बघत होती. सिस्टरांच्याच हाताखाली शिकलेली, मनाने चांगली. ती हळूच म्हणाली, "सिस्टर, बाळ रडलं ना. पट्टा घसरला, पुढे ठोके सापडले. तसंच लिहू. अकरा मिनिटांचं कोण मोजायला बसलंय?"

"मी बसलेय," सिस्टर म्हणाल्या.

"अहो, पाच महिन्यांत तुम्ही निवृत्त होणार. कशाला नसतं झेंगट मागे लावून घेता?"

सिस्टर पट्टीची घडी घालू लागल्या. पण बोलणं मनाला शिवलं, हे कबूल केलं पाहिजे. एकतीस वर्षांचं नाव होतं. मनगट सिस्टरनेच मनगट धरलं नाही, हे इस्पितळभर व्हायला असा कितीसा वेळ लागणार? त्यांना भीती वाटत होती. तीन नंबरची बाई ओरडेल, तक्रार करेल, चौकशी लागेल. आणि बरोबरच असेल तिचं.

सहीवाली कोपऱ्यात उभी राहून पाणी पीत होती. सिस्टरांनी तिला जवळ बोलावलं. "मघाशी मी तुझ्यावर खेकसले. चूक माझी होती. तू नसतीस तर ते बाळ गेलं असतं." एवढं म्हणून त्यांनी पाचव्या वर्षीची गोष्ट तिला सांगून टाकली, भाजी निवडण्यापर्यंत सगळी. नवऱ्याखेरीज कुणाला पहिल्यांदाच. पोरगी ऐकत राहिली, मग म्हणाली, "सिस्टर, तीन नंबरच्या ताईंना सांगायचं का?"

"तू काय केलं असतंस?"

"मला नाही माहीत. पुस्तकात हे नाहीये."

"नाहीये ना? मग चल."

पडदे शिवणारी कुशीवर पडून दाराकडे बघत होती. सिस्टरांनी पडदा ओढून घेतला. उभ्यानेच बोलल्या, एका दमात, जड शब्द न वापरता. पट्टा घसरला. यंत्र तुझे ठोके दाखवत होतं. अकरा मिनिटं बाळ कसं आहे ते आम्हाला ठाऊक नव्हतं. "तू मला तीनदा विचारलंस आणि मी तीनदा मजेत आहे म्हणाले. मी तपासलं नव्हतं. तपासायला हवं होतं. हिने तपासलं, म्हणून कळलं."

बाई उठून बसायला लागली, दुखलं तशी दात आवळून पुन्हा आडवी झाली.

"मी तुमच्यावर विश्वास ठेवून जोर लावत होते," ती म्हणाली. गोड बोलणं पार गेलं होतं. "ती आत घुसमटत होती, आणि तुम्ही म्हणत होता मजेत आहे."

"हो."

"हो काय हो!"

सिस्टरांनी मान खाली घातली. माफी मागितली, ती त्यांना स्वतःलाच तोकडी वाटली. सहीवालीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, ती पडद्याच्या चुण्यांकडे बघत उभी होती. बाहेर पाळी बदलल्याची गडबड सुरू झाली, कुणीतरी सिस्टरांना हाक मारली, त्यांनी ओ दिली नाही.

"आता बरी होईल ना ती?" बाईने विचारलं.

सिस्टरांच्या ओठावर नेहमीचं उत्तर आलं होतं. एकतीस वर्षांची सवय ती. त्यांनी ते गिळलं.

"मला माहीत नाही गं," त्या म्हणाल्या. "रडली, श्वास घेतेय, रंग आलाय, हे चांगलं आहे. पण तीन दिवस जाईपर्यंत डॉक्टरांनाही नक्की सांगता येणार नाही."

बाईने डोळे मिटून घेतले. मिटल्या डोळ्यांतून पाणी कानापर्यंत ओघळलं. मग तशीच म्हणाली, "माझा नवरा येईल आता. त्याला हे सगळं तुम्हीच सांगा, असंच. मला नाही सांगता येणार."

"सांगेन."

"मग जाऊ नका कुठे."

सिस्टरांनी स्टूल ओढलं आणि पलंगापाशी बसल्या.