द्वारकाबाईंची चौथी ओळ

रसिका चौबळ शाळेतून निवृत्त झाल्या तेव्हा निरोपाच्या चहाला कुणीतरी विचारलं, "आता काय करणार बाई?" त्या म्हणाल्या, "द्वारकाबाईंना शोधणार." कोण द्वारकाबाई, ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

द्वारका पोतनीस शंभर वर्षांपूर्वी कल्याणात, पारनाक्याजवळ राहायच्या. नवरा कारकून, घरात पोरांचं खिल्लार, सासू कडक. धाकट्या दिराच्या पाटीवर बघून लपूनछपून अक्षरं शिकल्या आणि कविता करायला लागल्या. त्यातल्या काही दोन-चार मासिकांत 'एक भगिनी' या नावानं आल्या. बाकीच्या घरातल्या घरात, लोणचं घालताना, पोरांना न्हाऊ घालताना म्हटल्या गेल्या. साध्या, मिश्कील, जराशा तिखट.

या कविता मिळाल्या शहाडला. द्वारकाबाईंची नात मनोरमाआजी तिथे लेकाकडे राहायच्या. वय नव्वदीपार, पण आजीच्या कविता तोंडपाठ. रसिकाताई डोंबिवलीहून जायच्या, आजी म्हणायच्या, त्या लिहून घ्यायच्या. एक कविता मात्र दर वेळी अडायची.

"राखेवरी बोट फिरे, अक्षराला फुटे पान, दारी वाजता पाऊल..." इथे आजी थांबायच्या. "पुढे तव्याचं काहीतरी होतं गं. आम्ही पोरं खो-खो हसायचो. गेलं बघ डोक्यातून."

कवितांची पुस्तिका छापायला निघाली तरी ओळ सापडेना. सगळ्यात चांगली कविता, आणि तीच लंगडी! एका दुपारी रसिकाताईंनी स्वतःच लिहून टाकलं, 'पुसले मी, उरे रान.' ओळ आपली आहे अशी खाली टीप द्यायची, हे नक्की होतं. शेवटच्या प्रुफात देऊ म्हणाल्या. प्रूफ आलं, ओळ वाचून त्यांना स्वतःलाच भरून आलं, आणि टीप राहिली. राहिली कसली, त्यांनी राहू दिली.

पुस्तिकेतली तीच कविता सगळीकडे गेली. महिला दिनाला पोरी 'उरे रान' म्हणायला लागल्या. लोक म्हणायचे, "काय प्रतिभा हो त्या बाईंची!" आणि रसिकाताई विषय बदलायच्या. मग कल्याणच्या एका वाचनालयानं ठरवलं, दर्शनी भिंतीवर हीच कविता रंगवायची.

त्या तडक शहाडला गेल्या. "आजी, ती राखेची कविता म्हणा ना."

आजींनी डोळे मिटले आणि चारही ओळी घडाघडा म्हटल्या. न अडखळता. 'पुसले मी, उरे रान.'

"आणि तव्याचं काय होतं हो?"

"तवा? छे! कवितेत कसला आलाय तवा? तू पुस्तकात छापलंस ना, तेव्हा आठवलं बघ मला सगळं. आजी अशीच म्हणायची."

द्वारकाबाईंचा आवाज जगात एकाच ठिकाणी उरला होता, आणि तिथेही त्यांनी आपली ओळ नेऊन बसवली होती. खरं सांगावं म्हणून तोंड उघडलं, पण आजींचा उजळलेला चेहरा बघून धीर झाला नाही.

वाचनालयात मात्र सांगितलं. तिथला तरुण चिटणीस प्रितम गोंधळला. "मॅडम, कोणाला कळणारे? आणि लाइन एकदम भारीये."

"भारी आहे, पण त्यांची नाहीये रे. त्या असलं रानबिन लिहिणाऱ्या नव्हत्या. त्या हसवणाऱ्या होत्या. मी त्यांना गंभीर करून टाकलं."

रंगारी काळुराम कुरकुरला, पण त्यानं रंगवून झालेल्या चौथ्या ओळीवर पांढरा हात मारला. उद्घाटनाला रसिकाताईंनी माइकवर सगळं कबूल केलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, तेव्हा त्यांना जास्तच मेल्याहून मेल्यासारखं झालं. एक कॉलेजची मुलगी येऊन म्हणाली, "मॅम, मला तीच ओळ आवडायची," आणि हिरमुसून गेली.

मनोरमाआजी पहिल्या रांगेत होत्या. कानाला कमी ऐकू येतं, त्यामुळे भाषण त्यांच्यापर्यंत पोचलंच नव्हतं. भिंतीकडे बघून त्या मोठ्यानं म्हणाल्या, "अगं रसिके, शेवटची ओळ विसरला की हा रंगारी!" आणि खणखणीत आवाजात म्हणून दाखवली.

रसिकाताई त्यांच्याशेजारी जाऊन बसल्या. आजींनी त्यांचा हात हातात घेतला, तो त्यांना सोडवून घेता येईना.