दूधविनायकातली एक दुरुस्ती

"अगं, या वयात कुणी काशीला जातं का?" आईने विचारलं.

"पैसे देऊन बोलावतायत, आई!" मी म्हटलं आणि बॅग भरायला घेतली.

उन्हाळ्याच्या सुट्टीतला संशोधन प्रकल्प होता. बी.ए.च्या मुलामुलींसाठी, दोन महिने, विद्यावेतनासह. विषय एकदम भारदस्त: 'राष्ट्रीय संस्कृती'. देशभरातून आम्ही सहा जण निवडले गेलो आणि प्रत्येकाला बनारसमधला एकेक समाज वाटून दिला. मी पुण्याची, त्यामुळे माझ्या वाट्याला घाटाकाठची मराठी घरं आली. त्यांच्याशी बोलायचं, आठवणी रेकॉर्ड करायच्या आणि ऐकून लिहून काढायच्या. मला वाटलं, यात काय अवघड आहे? मराठी तर माझीच भाषा.

पुण्याहून बनारसला थेट गाडी आहे. एक दिवस आणि वर काही तास धरा, ते काही तास किती हे गाडीच्या मर्जीवर. आमची राहायची सोय लंकेला होती. हो, बनारसमध्ये लंका नावाचा भाग आहे आणि "मी लंकेत राहते" हे घरी फोनवर सांगायला फार मजा येते. तिथून मैदागिनपर्यंत ई-रिक्षा बदलत जायचं आणि पुढे गल्ल्यांमधून पायी. मे-जूनमध्ये जाणार असाल तर माझं ऐका, जाऊ नका. गेलातच तर ओला गमछा डोक्यावर घ्या आणि कचोरी-जिलेबी सकाळी लवकर खाऊन घ्या, नंतर कढया रिकाम्या होतात. गल्ल्या इतक्या अरुंद की समोरून गाय आली तर आपणच कुणाच्या तरी ओट्यावर चढायचं.

दूधविनायक भागातल्या अशाच एका गल्लीत मला काकू भेटल्या. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या, सत्तरीच्या पुढच्या, ताठ. त्यांच्या माहेरची माणसं कित्येक पिढ्यांपूर्वी इथे आली. दारात मी मराठीत नाव सांगितलं आणि त्यांनी माझा हातच धरला.

"पुण्याची? अरे वा! ये, पंख्याखाली बैस. आज मी पेटभर मराठी बोलणार. मुलगा समजतो सगळं, पण जवाब हिंदीत देतो. सून लखनौची, चांगली आहे बिचारी, पण तिच्याशी मराठी कुठून बोलू?"

बाई गं, काय बोलायच्या! गणिताच्या बाई, पण गोष्ट सांगताना हात, भुवया, सगळं बोलायचं. पहिल्या दोन भेटींत मी फक्त ऐकत राहिले. निघताना त्या म्हणायच्या, "उद्या जल्दी ये. मी वाट बघीन." सरबत आधीच करून ठेवलेलं असायचं.

तिसऱ्या दिवशी माझ्यातली शहाणी जागी झाली. आदल्या संध्याकाळी रेकॉर्डिंग लिहून काढताना मला दर ओळीत हिंदी शब्द दिसत होते. वाटलं, हे काही मराठीच्या 'नमुन्या'ला शोभत नाही. मला कुणी तसं सांगितलं नव्हतं, हे आधीच कबूल करते. माझंच डोकं.

काकू त्या दिवशी पोहण्याची गोष्ट सांगत होत्या. चौदा वर्षांच्या असताना, वडिलांना न विचारता, त्या एकट्या गंगा पार करून गेल्या होत्या.

"संकठा घाटाच्या सीढ्या उतरले, इकडे तिकडे बघितलं, आणि–"

"काकू, पायऱ्या म्हणा ना," मी हसत म्हटलं. "सीढ्या हिंदी आहे."

"हं. पायऱ्या." त्या थांबल्या. "पायऱ्या उतरले. मग पानीत..."

"पाण्यात."

"पाण्यात." त्यांनी पदर सारखा केला. "किती शब्द चुकतात गं माझे?"

"अहो, चुकत नाहीत, फक्त थोडं शुद्ध हवं," मी म्हटलं. हे वाक्य आठवलं की आजही मला स्वतःच्या मुस्कटात मारावीशी वाटते.

त्यानंतर त्या तोलूनमापून बोलायला लागल्या. एक वाक्य झालं की माझ्याकडे बघायच्या, तोंडी परीक्षेला बसल्यासारख्या. पलीकडच्या काठावर काय झालं, परत कशा आल्या, वडील काय म्हणाले, काही नाही. "गेले आणि परत आले," एवढंच. चौथ्या दिवशी दार उघडलं आणि त्या म्हणाल्या, "आओ बेटी, चाय लोगी?" पुढचा सगळा महिना आम्ही हिंदीत बोललो. प्रेमानेच बोलल्या हो, सरबतही होतंच. मी दोनदा माफी मागितली, तर म्हणाल्या, "अरे, इसमें क्या है!"

शेवटच्या संध्याकाळी मी एकटीच शिंदे घाटावर बसले. समोरचा वाळूचा काठ लांब दिसत होता. चौदा वर्षांची मुलगी तिथे पोचून पहिल्यांदा मागे वळली असेल तेव्हा तिला काय दिसलं असेल, हे मला कधीच कळणार नाही, आणि ते माझ्यामुळे.

आता पुण्यात आहे. अहवालाचं कौतुक झालं, प्रमाणपत्र आलं, विद्यावेतनातून आईला बनारसी साडी घेतली. तुम्ही असा प्रकल्प करणार असाल तर जरूर करा, फक्त रेकॉर्डर चालू केल्यावर तोंड बंद ठेवा. माझ्या रेकॉर्डिंगमध्ये सगळ्यात स्पष्ट आवाज माझाच आहे.

गेल्या आठवड्यात बातम्यांत गंगा चढल्याचं पाहिलं आणि काकूंना फोन केला. मुद्दाम त्यांच्याच मराठीत विचारलं, "काकू, संकठा घाटाच्या सीढ्या बुडाल्या का हो?"

मग कितीतरी दिवसांनी त्या माझ्याशी मराठीत बोलल्या, सावकाश, एकेक शब्द जपून.

"सीढ्या नाही बेटा. पायऱ्या. तूच तर शिकवलंस."