सासऱ्यांचा निवडुंग

चष्मेवाल्याच्या सासऱ्यांना आताशा माणसं धुरकट डागांसारखी दिसत. तरी रोज सकाळी भिंत चाचपत ते मागच्या अंगणात जात आणि आपल्या निवडुंगाची विचारपूस करत. पुरुषभर उंचीचा, खांबासारखा निवडुंग. यंदाच्या उन्हाळ्यात तो पिवळा पडला, बुडाशी काळपट झाला आणि एका अंगाला कलला.

एक दिवस मेव्हणी आलेली. जेवताना चष्मेवाला म्हणाला, "बाबा, दिवसातून चारदा पाणी घालता तुम्ही. घातल्याचं विसरता, म्हणून कुजला निवडुंग."

"असेल," सासरे म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून ते अंगणात फिरकले नाहीत.

पंधरा दिवस झाले, तरी माती ओलीच. रविवारी दुपारी चष्मेवाला खाली वाकला, तर मानेवर टपकन थेंब पडला. वर त्याच्याच खोलीच्या एसीची नळी होती. मिस्त्रीला बोलवायचा कंटाळा, म्हणून त्यानेच ती खिडकीबाहेर सोडली होती. जगाची नजर तपासून चष्मे विकणारा माणूस! त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आधी त्याने नळी गुपचूप दुसरीकडे वळवली. पण निवडुंग वाचवायचा कसा, हे एकालाच ठाऊक होतं.

"मला कशाला विचारता? मीच मारलाय ना," सासरे म्हणाले.

"तुम्ही नाही बाबा. माझ्या एसीचं पाणी पडत होतं."

सासरे भिंत चाचपत उठले. मग म्हणाले, "सुरी स्पिरिटने पुसून आणा."

अंगणात त्यांनी बुंध्यावर बोट दाबलं. "इथे पार लोणी झालंय. वीतभर वर कापा. आत डाग दिसतो?"

"दिसतो."

"मग आणखी वर."

तीन चकत्या गेल्या. चौथा काप स्वच्छ निघाला. सासऱ्यांनी त्यावरून बोट फिरवलं. "कडक आहे. दोन आठवडे सावलीत वाळू द्या, मग कोरड्या वाळूत लावा. मुळं धरेपर्यंत पाणी नाही की लाड नाहीत."

लावल्यावर महिन्याभराने त्याने शेंडा हलवून पाहिला, तर हलेना; मुळं धरली होती. चष्मेवाला खूश होऊन घरात आला.

"बोललात सगळ्यांदेखत आणि कबुली दिलीत एकट्यात," बायको म्हणाली.

त्याने तिथल्या तिथे मेव्हणीला फोन लावला, झालं ते सगळं सांगितलं.

"भाऊजी, तुमचं ऐकून मी बाबांना म्हातारचळ लागलाय म्हणाले होते," ती म्हणाली. "तोंडावर."

चष्मेवाल्याचे कान तापले. फोन न ठेवताच तो सासऱ्यांच्या खोलीकडे वळला.