पेल्यातली मासळीची भुकटी

विजयनगरातल्या कोंबडीखाद्याच्या दुकानात आज मासळीच्या भुकटीचं पोतं उघडलं, आणि त्या वासासरशी मी हुणसूरच्या आमच्या जुन्या कोंबड्यांच्या शेडमध्ये जाऊन उभा राहिलो. वास घाणच. पण माझ्या बायकोच्या, शारदेच्या, केसांना तो कायम असायचा.

तिथं एका दुपारी, कोंबड्या अंडी देईनात म्हणून, तिनं नव्या पोत्यातली चिमूट पाण्याच्या पेल्यात टाकून पेला उन्हात धरला. भुकटी सोनेरी धुक्यासारखी तरंगत राहिली आणि तळाशी भेसळीची, नदीतली वाळू बसली.

"नोडी, बघा की! समुद्र म्हणून नदी गळ्यात मारली तुमच्या," असं म्हणून ती हसत सुटली. मला पोतं परत न्यायची घाई. तिला नव्हती. ती पेला फिरवत धुकं बघत बसली.

आज मी दुकानदाराकडे मूठभर भुकटी मागितली.

"अज्जा, कोंबड्या किती तुमच्या?"

"एकही नाही. ती गेल्यावर सगळ्या विकल्या."

घरी येऊन चिमूट पेल्यात टाकली. धुकं तसंच सावकाश उतरलं. वाळूचा कण नाही.

"चांगली आहे गं," मी मोठ्यानं म्हणालो, आणि हात धुतले नाहीत.