बुरुलने दिलेली दुवा

...तर त्या खुर्चीवर बुरुल दुसऱ्या कुणाला बसूच द्यायची नाही. शाळेत शिक्षकांच्या खोलीत शेगडीला लागून होती ती. सकाळी आल्या आल्या बुरुल त्यावर आपली शाल टाकायची, आणि पेरिझात आली की शाल उचलायची. ‘बस’ म्हणायची तिला. आणि तू थांबलीस का गं? लिही, मी सांगतेय तस्संच लिही, माझं बोलणं नीटनेटकं करत बसू नकोस.

बुरुल म्हणजे आपल्या भिंतीला भिंत लागून राहते ती, गणिताची बाई. नवरा तरुणपणीच गेला, मूलबाळ नाही. अख्खं अत-बाशी गाव तिला टरकून असायचं. मुलंच काय, मुलांचे बापसुद्धा, कारण तेही तिच्याच हातचा मार खाऊन मोठे झालेले. अशा बाईच्या आयुष्यात ही पेरिझात आली, गाण्याची नवी बाई. हसरी, बारीक अंगाची, सासरी नांदायला आलेली. नवरा दानियार ट्रकवर, महिना महिना घरी नाही. ती बुरुलला थोरल्या बहिणीसारखं 'एजे, एजे' करायची, आणि बुरुल विरघळली. घरून तिच्यासाठी गरम रोटी रुमालात बांधून आणायची. एकाच कापडाचे दोन झगे शिवले, एक तिला, एक स्वतःला. शाळा सुटली की फाटकात उभी. पेरिझात दुसऱ्या कुणाशी हसून बोलली, तर बुरुलचं तोंड फिरायचं ते तिनं चार वेळा मनधरणी करेपर्यंत तसंच.

पेरिझातचे दोन गर्भ मधेच पडलेले. तेव्हा तिच्या उशाशी बुरुलच बसली होती. पुढचं बाळ राहिलं की पाळण्यात तुम्हीच घालायचं एजे, असं पेरिझात म्हणाली होती. आपल्याकडे बाळाला पहिल्यांदा पाळण्यात कोण घालतं याला किती मान, तुला ठाऊकच आहे. बुरुल त्या एका शब्दावर जगत होती म्हण ना.

मग एका थंडीत उल्कान मधे आली. उल्कान म्हणजे झाडापानांचा विषय शिकवायची ती जाडी, पाच लेकरांची आई, तोंडाची फाटकी पण मनाची लोण्यासारखी. बुरुलला दिसायला लागलं, की उल्कान आणि पेरिझात कोपऱ्यात कुजबुजतात. आपण गेलो की गप्प होतात. उल्कान हळूच पेरिझातच्या मुठीत कुरुतचे, वाळवलेल्या दह्याचे, खारट खडे कोंबते.  बुरुलनं रोटी आणणं बंद केलं, मग दुप्पट आणायला लागली. एक दिवस राहवलं नाही, सगळ्यांदेखत उल्कानला म्हणाली, "पाच पुरली नाहीत वाटतं तुला, अजून एक पोसायला घेतलीस?"

उल्कान काय ऐकून घेणार? "का एजे, तुमच्या कळपातली आहे का ही? कानाला तुमची खूण तर दिसत नाही कुठं."

सगळे हसले. पेरिझातही हसली. ते हसू बुरुलला जे लागलं ना, अंगाची नुसती लाही झाली.

आणि मग पेरिझात शेगडीसाठी कोळशाची बादली उचलायला वाकली, तर उल्काननं धावत येऊन ती हिसकावली. तेवढं पुरे झालं. बुरुलच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. बाळ राहिलंय. पोरीनं लपवलं यात नवल नव्हतं. पोट दिसेपर्यंत शब्द काढायचा नाही, दृष्ट लागते, हे कोण पाळत नाही? आणि दोनदा पोळलेली तर जास्तच. सासूला नाही सांगितलं, ठीक. पण उल्कानला सांगितलं आणि मला नाही? हे मात्र बुरुलच्या घशाखाली उतरेना.

त्याच आठवड्यात हेडमास्तरांच्या घरी थंडीच्या बेगमीचा सोगुम होता. घोडा कापलेला, शाळेतले झाडून सगळे जेवायला. मांस झालं, रस्सा झाला, जेवणाचा दस्तरखान आवरायच्या आधी दुवा द्यायची, ती सगळ्यांत थोरल्या माणसानं. म्हणजे बुरुलनं. सगळ्यांनी तळवे वर केले. बुरुलनं यजमानाला बरकत मागितली, जनावरांना चारा मागितला, आणि शांतपणे म्हणाली, "आमच्या पेरिझातच्या पोटात जो जीव वाढतोय, तो सुखरूप हातात येऊ दे. दोन गेले, तिसरा राहू दे."

 आता दुवेला कोण नाही म्हणणार? हात कोण खाली घेणार? सगळे आमीन म्हणाले, तोंडावरून हात फिरवले. पेरिझातलाही फिरवावे लागले. हात खाली आले तेव्हा तिचं तोंड राखेसारखं झालं होतं.

सकाळ व्हायच्या आत सासूपर्यंत गेलं. सासू तणतणली, गावभर बभ्रा झाल्यावर मला कळतंय, आता या गावात राहिलीस तर हेही जाईल. दानियारला बोलावून घेतलं आणि शाळा सोडायला लावून दोघांना बिश्केकला धाडलं.

निघताना पेरिझात बुरुलच्या दारात आली. आत ये म्हटलं तरी उंबरा ओलांडला नाही. म्हणाली, "एजे, उल्कानला मी सांगितलं नव्हतं. वर्गात मला ओकारी आली, तिनं पाठ चोळली. पाच लेकरांच्या आईपासून काय लपतंय? तुम्हाला मीच सांगणार होते." खरंच सांगणार होती का, अल्ला जाणे.  मग ती पोर म्हणाली, "शिवी दिली असतीत तर भांडले असते मी. तुम्ही दुवा दिलीत. आता मी काय करू?" आणि गेली.

मुलगी झाली, धडधाकट. पाळण्यात उल्काननं घातली, गावातून गाडीभर पाहुणे बिश्केकला गेले होते. बुरुलला कुणी बोलावलं नाही. त्या दिवशी ती सकाळपासून अंगणात सरपण रचत होती. रचून झालं तर परत पाडलं आणि परत रचलं. मी भिंतीवरून चहाला हाक मारली, तर म्हणाली, काम आहे.

आता तिचे गुडघे गेलेत, ती घराबाहेर पडत नाही. मी रस्सा घेऊन जाते. ती पेरिझातचं नाव काढत नाही कधी. बिश्केकला थंडी कशी आहे, एवढंच विचारते, उन्हाळ्यातसुद्धा.

म्हणून हे तुझ्याकडून लिहून घेतलं. बिश्केकमधे हे जो वाचेल त्यानं गाण्याच्या पेरिझातबाईंना गाठून एवढं सांगावं, की बुरुलला अजून ऐकू येतं, काय बोलायचं राहिलं असेल ते बोलता येईल. मुलीला घेऊन एकदा येऊन जा म्हणावं.